कोपऱ्यावरची खूण

धुवायला आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर आधी खूण करायची आणि मगच तो पाण्यात टाकायचा, हा अक्काच्या लॉन्ड्रीचा नियम. शाई पक्की, काळी. डॉक्टरांना आडवी रेघ, शाळेच्या बाईंना फुली, मला तीन टिंबं. "तुझं बोलणं एका पूर्णविरामानं थांबत नाही, म्हणून तीन," असं ती म्हणायची. माझं शिवणाचं दुकान तिच्या दुकानाला लागूनच. ती माझ्या धर्माची नाही. सबंध गल्लीत तिच्या धर्माचं तेवढं एकच घर. पण तिला बाहेर जायचं झालं की दुकान मी सांभाळायची.

परवा आमच्या प्रार्थनाघराचे एक विश्वस्त कापड टाकून गेले. कडेनं सोनेरी दोऱ्यानं भरलेलं. ती आमच्या धर्मग्रंथातली वचनं आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक. अक्काला ती लिपीच येत नाही. तिला वाटलं, वेलबुट्टी आहे. तिनं सवयीनं कोपरा धरला आणि पहिल्याच शब्दावर गोल काढला.

आज विश्वस्त कापड न्यायला आले, उलगडलं आणि किंचाळलेच. "पवित्र वचनाची विटंबना!" निवडणूक तोंडावर आलेली, हे स्वतः उभे राहिलेले, आयतंच कोलीत मिळालं. बघता बघता रस्ता माणसांनी भरला. त्यातल्या निम्म्यांच्या अंगात अक्कानंच इस्त्री केलेले सदरे होते! मला असा संताप आला की हातातली कात्री आधी खाली ठेवली.

या गुन्ह्याला जामीन नाही. पलीकडच्या वस्तीतले एक मास्तर असेच आत गेले, ते खटला उभा राहायच्या आधीच कोठडीत वारले. अक्का तर शुगरची पेशंट. ती गेली असती तर परत आली नसती, हे मला लख्ख दिसत होतं.

मी मागच्या दारानं तिच्याकडे शिरले. शटर खाली ओढून ती इस्त्रीच्या टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"अगं, मला नक्षी वाटली," ती कुजबुजली. "किती जपून धुतलं मी ते. हातानं, गार पाण्यात."

"अक्का, आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

मी शटर वर केलं. समोर इन्स्पेक्टर, त्यांच्या मागे विश्वस्त, त्यांच्या मागे अख्खी गल्ली.

"खूण कोणी केली?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही?" विश्वस्तांचा आवाजच बसला. "ताई, तुम्ही तर आपल्यातल्या!"

"असेन. अक्का दवाखान्यात गेली होती, दुकानावर मी होते. चष्मा घरी राहिला, बघायचं राहून गेलं. घाला बेड्या."

खोटं काय, 'कपडे उद्या देते' हे मी रोजच बोलते. असं जिवावर बेतणारं मात्र कधी बोलले नव्हते.

विश्वस्तांनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या माहेरची, सासरची मिळून किती मतं होतात याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला.

"काय हे ताई!" ते एकदम हसले. "चष्मा लावत जा बरं. जाऊ द्या हो साहेब. चूक होते माणसाकडून."

"होतं असं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. इन्स्पेक्टर जीपकडे वळले. एका पठ्ठ्यानं तर जाता जाता आपली पँट झाली का, तेही विचारून घेतलं.

मी शटर ओढलं. हसावं की रडावं मला कळेना. अक्का अजून टेबलाखालीच होती.

"ऐकलंस ना? सुटलीस बाई," मी म्हटलं.

"ऐकलं." ती तिथूनच म्हणाली. "चूक माणसाकडून होते म्हणाला. मग मी कोण गं?"