डोक्याकडची दोरी

फिनले गेला त्या मंगळवारी दुपारी हेक्टर सुतार आमच्या दारात उभा राहिला. आमच्याकडे शवपेटी करणाराच दफनाचं सगळं बघतो. त्याच्या हातात आठ लहान कार्डं होती. सात भरलेली, एक कोरं.

"सात नावं झाली, टॉर्मड," तो म्हणाला. "सगळी गावातलीच. एक नंबरचं तेवढं राहिलंय. शुक्रवारी अकराला दफन आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवा."

"मला कशाला विचारतोस?"

"मग कुणाला विचारू? लंडनच्या वर्तमानपत्राला?"

माझी बायको डोलीना आतून म्हणाली, "हेक्टर, चहा घे. याला उत्तर सुचायला गुरुवार उजाडेल."

पेटीला आठ दोऱ्या असतात. आठ जणांनी त्या धरायच्या आणि पेटी हळूहळू खाली सोडायची. कुणी कुठली दोरी धरायची ते घरच्यांनी आधीच कार्डावर लिहून दिलेलं असतं. एक नंबरची दोरी डोक्याकडची. ती मुलाची, मुलगा नसेल तर भावाची, तोही नसेल तर पुतण्याची. फिनलेला यातलं कुणी नव्हतं. दोन लग्नं झाली होती, दोन्ही मोडली होती. म्हणून जानेवारीत त्याने स्वतःच मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं.

जगाला तो ड्रमंड केअर्ड म्हणून ठाऊक. ते त्याचं पडद्यावरचं नाव. आम्हाला तो फिनले, पोस्टमनचा मुलगा. त्याचा बाप इवन हा स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या आमच्या पश्चिम किनाऱ्याला टपाल वाटायचा आणि रविवारी चर्चमध्ये ओळ द्यायचा. आमच्याकडे स्तोत्रं गाताना वाद्य नसतं. एकाने उभं राहून ओळ द्यायची, म्हणजे आधी एकट्याने म्हणायची, आणि मग सगळ्यांनी झील धरायची. पण एका सुरात नाही. प्रत्येक जण आपल्या वळणाने, आपल्या दमाने गातो; म्हातारी पेगी मागे राहते, मच्छीमार पुढे जातात, आणि तरी ओळ संपताना सगळे एकाच काठाला लागलेले असतात. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे मी. प्रभूने मला फारसं काही दिलं नाही असं जेव्हा जेव्हा वाटलं, तेव्हा तेव्हा त्या गाण्यात जाऊन बसलो आणि माझी तक्रार तिथेच विरली.

फिनलेला आणि मला ओळ द्यायला इवननेच शिकवलं. शाळा सुटली की आम्ही त्याच्या टपालाच्या फेरीत मागे मागे चालायचो. इवन सायकल हातात धरून आमच्याकडे तोंड करून उलटा चालायचा आणि ओळ द्यायचा. पण तिथलं वारं असं की दहा पावलांवरचा आवाज कानापर्यंत पोचायचा नाही. आम्ही त्याच्या ओठांवरून ओळ ओळखायचो आणि गायचो. पुढे आम्ही दोघं एकमेकांना तशीच द्यायला लागलो, नुसत्या ओठांनी, अगदी वर्गातसुद्धा. मी अडखळायचो. फिनले कधीच अडखळला नाही. त्याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता हे मी आज लिहितो, तेव्हा मान्य करायला फार जड गेलं होतं. इवन म्हणायचा, "ओळ दिली की कुणीतरी उचलली पाहिजे बाळांनो. न उचललेली ओळ तशीच उभी राहते."

इवनमागे फिनले ओळ देईल, त्याच्यामागे त्याचा मुलगा, असं सगळं गाव धरून चाललं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो ग्लासगोला जहाजांच्या कारखान्यात गेला. तिथे संध्याकाळी कामगारांची नाटकं व्हायची. परत आलाच नाही.

आमच्या पिढीचे धर्मभीरू लोक चित्रपटगृहाची पायरी चढत नसत. मीही चढलो नाही. फिनलेची सगळी कीर्ती आम्हाला शहरातून मासे बांधून आलेल्या कागदांवर कळली. कधी त्याच्या शेजारी हिऱ्यांची बाई असायची, कधी हातात बक्षीस, आणि सगळ्यावर खवले चिकटलेले.

जवळजवळ साठ वर्षांनी तो बापाच्या बंद घरात राहायला आला तेव्हा त्याच्यासोबत दोन ट्रंका होत्या आणि डॉक्टरांनी दिलेली वर्षभराची मुदत. बेटावरच्या स्टॉर्नोवे शहरातल्या कलाकेंद्राने त्याच्या कारकिर्दीचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं होतं. त्यांना भिंतीवर लावायला आयुष्यातले मुख्य टप्पे हवे होते. त्याचा हात थरथरायचा, म्हणून रोज दुपारी मी जाऊन लिहून घ्यायचो. खोलीत जळणाच्या पीट-मातीचा धूर, खिडकीबाहेर मेंढ्या, आणि तो खुर्चीत गोधडी पांघरून.

"पहिला टप्पा लिही," तो म्हणायचा. "पहिला चित्रपट. भूमिका, बुडालेला खलाशी."

"बुडालेला म्हणजे?"

"म्हणजे मेलेला. सुरुवातीपासून मेलेला. चार तास गार पाण्यात पडून होतो. दिग्दर्शक म्हणाला, या मुलाला नैसर्गिक देणगी आहे."

"आणि लोकांनी पैसे देऊन बघितलं?"

"तुझ्याशिवाय सगळ्यांनी."

लंडनची रंगभूमी, अमेरिकेतली दहा वर्षं, राजवाड्यातला किताब, शेवटी मुलांच्या एका चित्रपटात सील प्राण्याचा आवाज. प्रत्येक टप्प्याला मी विचारायचो, कोण होतं तुझ्याबरोबर? तो एक नाव सांगायचा, मग म्हणायचा, "गेला तो." किंवा, "नाताळला कार्ड यायचं तिचं." एकदा म्हणाला, "टॉर्मड, हजार माणसं एका वेळी माझ्यासाठी उभी राहिली आहेत. घरी जाऊन मी डबा उघडून गार सूप प्यायलोय." तो हसून सांगायचा म्हणून मीही हसायचो. घरी आल्यावर मात्र डोलीनाच्या हातचे गरम बटाटे आणि खारवलेले हेरिंग मासे मी ताटात तसेच ठेवायचो.

आणि तरी माझ्या मनात अढी होती. तिच्याबद्दल सांगायला हवं.

इवन गेला तेव्हा आम्ही बत्तीस वर्षांचे होतो. फिनले त्याचा एकुलता एक मुलगा. गावाने वाट पाहिली. तार आली, इवनच्याच पोस्टात, त्याची कातडी पिशवी खिळ्याला लटकलेली असताना: यायला जमत नाही. चित्रीकरण. माझी दोरी टॉर्मडला द्यावी.

मी ती धरली. पेटी खाली टेकल्यावर दोरी आत टाकायची असते. मी ती टाकली नाही, फेकली. फिनलेच्या तोंडावर फेकावी तशी. त्याच चित्रपटाने पुढे तो जगभर गाजला. त्याचं नाव 'पश्चिमेचं वारं'. या जानेवारीत एका दुपारी मी ते यादीत तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं.

फिनलेने पाहिलं. म्हणाला, "टॉर्मड, माझी डोक्याकडची दोरी तू धरशील?"

"नाही."

"बरं."

"एकदा धरलीय तुझ्यासाठी. गावातले सात जण धावत येतील, आपल्याकडे दोरी रिकामी ठेवत नाहीत. पण डोक्याकडची माणसाला कमवावी लागते."

"त्या वेळी चित्रपटवाल्यांनी घरी यायला विमान द्यायची तयारी दाखवली होती," तो म्हणाला. "स्पेनच्या किनाऱ्यावर होतो आम्ही. तार खिशात होती. मी नाही म्हटलं."

"का?"

"घरात पेटी ठेवल्यावर तुम्ही मला ओळ द्यायला लावली असती. इवनचा मुलगा आलाय म्हटल्यावर दुसरं कोण देणार? आणि मी दिली असती, टॉर्मड. फार छान दिली असती. कुठे थांबायचं, कुठे आवाज फुटू द्यायचा, मला सगळं येत होतं. सगळं घर रडलं असतं. त्यालाच मी भ्यालो. बापाच्या पेटीसमोर मी भूमिका केली असती, आणि कुणाला कळलंही नसतं."

मी वाईट तेच बोललो. "मग तिथे कॅमेऱ्यासमोर केलीस ती कुठली भक्ती होती?"

"तो एक चित्रपट बघ," तो म्हणाला. "एवढा एकच. मग नाही म्हण."

"मी त्या जागी जात नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे," फिनले म्हणाला. "चौथा टप्पा लिही."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. यादी संपली, प्रदर्शन उघडलं, तो एकदा चाकांच्या खुर्चीतून जाऊन आला. मार्चमध्ये, मंगळवारी पहाटे, तो गेला. शेजारची बाई सकाळचा लापशीचा वाडगा घेऊन गेली तेव्हा कळलं. शेवटच्या वेळी जवळ कुणी नव्हतं.

गुरुवारी जेवण झाल्यावर डोलीनाने माझा रविवारचा कोट आणून खुर्चीवर टाकला.

"कुठे?"

"स्टॉर्नोवेला. तीनला तो चित्रपट दाखवतात रोज. मी फोन करून विचारलंय."

"डोलीना, मी ओळ देणारा माणूस आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारा शेवटी सुधारला. पन्नास वर्षं तू ओळ देतोस आणि मी उचलते, तुझ्यापेक्षा वरच्या आवाजात. आज मी दिलीय. उचल."

"तू चल बरोबर."

"मी नाही येत. तुझं त्याच्याशी भांडण आहे, माझं नाही."

बसमधून उतरताना मी मान खाली घातली होती. कलाकेंद्राच्या भिंतीवर माझ्याच वाक्यांतले टप्पे मोठ्या अक्षरांत लावले होते. बुडालेला खलाशी, लंडन, राजवाडा, सील. खाली फोटो, प्रत्येकात गर्दी. तिकिटाच्या टेबलावरच्या मुलीने मला आतलं दार दाखवलं. साठेक खुर्च्या होत्या. सगळ्या रिकाम्या. मी मधल्या रांगेत बसलो, टोपी मांडीवर ठेवली आणि मनात क्षमा मागितली.

अंधार झाला. पडद्यावर बत्तीस वर्षांचा फिनले आला. तो चेहरा मी विसरलो होतो. गोष्ट साधीच होती. एक मुलगा बेटावर परत येतो, जमिनीवरून भांडणं, एक मुलगी. बोलणं इंग्रजीत, घरं खोटी, मेंढ्यासुद्धा परक्या. मला कंटाळा यायला लागला होता.

मग बाप मेला. माणसं दोन रांगांनी पेटी घेऊन निघाली. पुढची जोडी मागे, मागची पुढे, प्रत्येकाला थोडा भार, अगदी आमच्यासारखं. हे त्यांना त्यानेच दाखवलं असणार. पेटी खड्ड्यावर आली. आठ दोऱ्या. फिनले डोक्याकडे. तिथे वारं होतं, त्याचे केस उडत होते. आवाज सगळा काढून टाकलेला, त्यावर व्हायोलिन घातलेलं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ गेला.

त्याचे ओठ हलत होते.

बघणाऱ्याला वाटलं असेल थंडीने थरथरतात, किंवा रडू आवरतोय. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. इवनचं स्तोत्र होतं ते. आमच्या भाषेत. टपालाच्या वाटेवर पहिलं शिकवलेलं. फिनले ओळ देत होता. आवाज नाही, नाटक नाही, चेहऱ्यावर काही नाही. शाळेतल्या बाकावरून मला द्यायचा तशी, नुसती पाठ म्हटलेली. ओळ संपली आणि तो थांबला. झील धरायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला. आजूबाजूला सात परदेशी माणसं दोऱ्या धरून उभी होती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. कुणी उचलली नाही. त्याने दुसरी दिली. पुन्हा थांबला.

त्याच आठवड्यात मी इथे त्याची दोरी फेकली होती.

शेहेचाळीस वर्षं जगभरच्या अंधारात तो ही ओळ देत आला होता. हजारोंनी पाहिलं असेल. ती उचलू शकतील अशी माणसं फक्त आमच्या गावात होती, आणि आम्ही कुणी पायरी चढलो नव्हतो.

मी उभा राहिलो. टोपी खाली पडली. आवाज सुरुवातीला लागला नाही, पण दुसऱ्या ओळीचा शेवट मी धरला. एकट्या माणसाने झील धरली की ती केवढी रिकामी वाटते! मागे राहणारी पेगी नाही, पुढे जाणारे मच्छीमार नाहीत. साठ खुर्च्या आणि मी. तोवर पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं होतं, बंदर आणि बोटी. मी तरी स्तोत्र पुरं केलं.

दार किलकिलं झालं. ती मुलगी म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना? कुणाला बोलवू का?"

"नको," मी म्हटलं. "यायचं ते माणूस उशिरा आलं."

तिच्याच टेबलावरून हेक्टरला फोन केला.

"बोला," तो म्हणाला.

"एक नंबर. माझं नाव लिही."

"लिहिलंय," हेक्टर म्हणाला. "डोलीनाने दुपारीच सांगितलं."

शुक्रवारी समुद्रावरून जोराचं वारं होतं. लंडनहून फुलं आली होती, ती गाडीतच ठेवली; आमच्याकडे थडग्यावर फुलं वाहत नाहीत. परगावचं माणूस एकही नव्हतं. हेक्टरने नंबर पुकारले आणि आम्ही आठ जण पुढे झालो. दोरीला भार असा नव्हताच, शेवटी तो फार हलका झाला होता. पेटी इवनच्या शेजारी टेकली. सात दोऱ्या आत पडल्याचं मी ऐकलं.

माझा हात उघडेना. पाळकसाहेब थांबले. फावडी घेऊन उभे असलेले लोक थांबले. मी वाऱ्याकडे तोंड केलं आणि नुसत्या ओठांनी एक ओळ दिली. झील धरायला लागतो तेवढा वेळ थांबलो. मग दोरी सोडली, हळू, तिच्याच वजनाने खाली जाईल अशी.