आई कशी आहे?

न्यायमूर्ती ऑर्विल स्टेनरुड यांच्याकडे मी एक्केचाळीस वर्षं सचिव होते. पहिली अकरा वर्षं ते न्यायाधीश नव्हतेच. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या सिनेटवर आमच्या भागातून निवडून जात होते. रस्त्यांवर आणि गव्हाच्या भावावर सगळेच उमेदवार बोलायचे. ऑर्विल दारात उभे राहून टोपी काढायचे आणि विचारायचे, "हेल्गाबाईंचा गुडघा कसा आहे?" बस्स. त्या घरातली सगळी मतं त्यांची. परत येताना गाडीत ते मला सांगत आणि मी कार्डावर लिहून घेई: गुडघा, मोतीबिंदू, म्हातारी कुत्री. त्यांच्याविरुद्ध हरलेला एक उमेदवार चर्चच्या जेवणात म्हणाला होता, "हा सिनेटर आहे की कंपाउंडर?" सगळ्यांत जोरात ऑर्विलच हसले होते.

पुढे ते केंद्राच्या कोर्टावर न्यायाधीश झाले. झगा अंगावर आला, पण विचारपूस सुटली नाही. वकील, ज्यूरीतले शेतकरी, दारावरचा शिपाई, सगळ्यांच्या आया त्यांना नावानिशी ठाऊक. सत्तरीला आल्यावर त्यांनी ज्येष्ठ न्यायाधीशपद घेतलं. म्हणजे खोली तीच, पगार तोच, काम झेपेल तेवढं, आणि "आता घरी बसा" असं सांगायची हिंमत कुणाला होत नाही.

ते ऐंशी ओलांडून गेले तेव्हा एका बारीक गोष्टीने मला कोड्यात टाकलं. हेल्गाबाई गेल्या होत्या, गुडघाही गेला होता. उरलं होतं नुसतं "आई कशी आहे?" हे कधीपासून झालं, ते मी आठवून आठवून शोधत बसे. आधी प्रश्नातून आजार गळाले, मग नावं. एकदा पंच्याहत्तर वर्षांच्या एका वकिलाला त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, "वर गेली तेव्हा ठणठणीत होती, साहेब." कोर्ट खो खो हसलं. साहेबांचा विनोद, असं सगळ्यांना वाटलं. मला हसू आलं नाही.

त्या एप्रिलमध्ये ड्वेन प्रिबिल त्यांच्यासमोर उभा राहिला. शेतातलं गवत जाळताना त्याच्या हातून आग सुटली, सरकारी पक्षी अभयारण्यात शिरली आणि एका रक्षकाचे दोन्ही हात भाजले. ड्वेनने गुन्हा कबूल केला होता. दोन वर्षं कैद की घरी राहून देखरेख, एवढंच साहेबांनी ठरवायचं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. "ड्वेन, आई कशी आहे?"

ड्वेन गोंधळून वकिलाकडे बघायला लागला. "ती पाच आठवड्यांपूर्वी गेली, साहेब. तुम्ही अंत्यविधीला आला होतात. पहिल्या बाकावर होतात."

मागून त्याची बहीण उठली. "चेष्टा करताय का त्याची?"

साहेबांनी पंधरा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

आत आल्यावर ते खुर्चीत बसलेच नाहीत. "आर्लिस, मी गेलो होतो?"

"गाडी मीच चालवत होते. तुम्ही दोन सँडविच खाल्लीत आणि एक खिशात घातलंत."

"हॅमचं?"

"हॅमचंच."

"किती दिवस चाललंय हे माझं?"

"दोन वर्षं तरी."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. तुम्ही घरी गेलात की मलाही जावं लागणार. मी घरी काय करू?"

ते खिडकीशी गेले. मग जुन्या सिनेटरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणखी कोणाच्या लक्षात आलंय?"

"सकाळपर्यंत फक्त माझ्या. आता त्या बहिणीच्या."

"सावरून नेता येईल?"

"येईल. प्रकृती बरी नव्हती म्हणा, सगळे मान डोलावतील. पण त्याची दोन वर्षं तुमच्या हातात आहेत. आज काय शिक्षा दिलीत ते उद्या आठवेल, साहेब?"

इतकं टोचून मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी झग्याची बटणं लावली आणि बाहेर गेले. मी मागोमाग.

"ड्वेन," ते आसनावरून म्हणाले, "मी तुझ्या आईला निरोप द्यायला आलो होतो आणि ते विसरलो. एवढं विसरणाऱ्या माणसाने तुझी वर्षं मोजू नयेत. तुझं प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे जाईल. आणि यापुढे मी कोणाचंच प्रकरण ऐकणार नाही." टंकलेखिकेचे हात थांबले. "लिहा, लिहा," ते तिला म्हणाले. मग परत ड्वेनकडे वळले. "तुझी आई खसखशीचे कोलाचे करायची, ते गोड पाव. तसे मी दुसरीकडे कुठे खाल्ले नाहीत."

ड्वेनचा चेहरा उजळला. "हो साहेब, खसखशीचेच!" बहीणही खाली बसली, डोळे पुसत.

पुढच्या महिन्यात नव्या न्यायाधीशाने ड्वेनला तीन वर्षांची देखरेख आणि अभयारण्यात कुंपण घालायचं काम दिलं. शिक्षा सुनावताना तो कागदातून मान वर काढत नव्हता, असं ऐकलं.

पण मला राहून राहून नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमच्याकडे प्रिबिलांसारखी चेक वंशाची शंभर घरं असतील, आणि कोलाच्यात खसखस घालत नाही अशी त्यांत एकही बाई नसेल. ड्वेनचं प्रकरण सोडलं त्याच दिवशी साहेबांना घरी पोचवताना मी विचारलंच, "ड्वेनची आई खरंच आठवली तुम्हाला?"

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून रस्त्यातल्या कुणाला तरी हात केला.