पाहुण्यांसमोरची इंग्रजी

गुलाबरावचं पत्र पोळ्याच्या आधी आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. ‘निकितासाठी तुझ्या शेजारच्या उकंडरावच्या पवनचं स्थळ आलं आहे. फोनवर घरातले सगळे ऐकतात, म्हणून लिहितो. घर कसं आहे ते खरं कळव. पोट्टी बिनमायची हाय, एवढं ध्यानात ठेव.’

गुलाबराव जऊळक्याचा, माझा शाळेतला सोबती. निकिता त्याची नात. मी अनसिंगला वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. पुस्तकं वाचणाऱ्याला माणसं कळतात असा लोकांचा समज आहे. मला कळतात की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

उकंडरावविरुद्ध लिहिण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय? तो दारू पीत नव्हता. सात एकर पाण्याखालचं ओलीत होतं, वांगी आणि कोबी वाशीमच्या बाजारात जात होती. पोरगा पुण्यात नोकरीला. मला खटकायचं ते त्यांचं बोलणं. समोरचा माणूस पाहून त्या घरातली भाषा बदलायची. मजुरांशी हुकमाची हिंदी. शिक्षक, तलाठी आले की पुण्याची मराठी. पवन सुटीला आला की बापलेकांची अर्धीअधिक इंग्रजी. त्यातली उकंडरावची तर मोबाइलवरच्या जाहिराती ऐकून जमवलेली, मागून आणलेल्या कोटासारखी बाह्यांत आखूड. वऱ्हाडी उरली होती ती गोजराबाईवर, म्हणजे त्याच्या बायकोवर, खेकसण्यापुरती. अशा माणसांची मला किळस येते. पण किळस हे काही चौकशीचं उत्तर नव्हे, असं म्हणून मी पत्र कपाटात ठेवून दिलं.

आमच्या भागात अशा पत्राला उत्तर आलं नाही, की घर चांगलं आहे असं लोक धरून चालतात. खोट असेल तर माणूस कळवतोच. चांगल्यासाठी शाई कोण खर्च करतो? जन्म इथं काढून मी एवढं विसरलो.

दिवाळीनंतर एका सकाळी उकंडराव कुंपणापाशी आला.

‘काका, थँक्स हं. तुम्ही काहीच कळवलं नाहीत, म्हणून गुलाबराव निर्धास्त झाले. संडेला घर पाहायला येतायत. तुम्हाला यावंच लागेल.’

‘येतायत’ हे त्यानं माझ्यासाठी काढलेलं ठेवणीतलं मराठी होतं.

रविवारी मी गेलो. नाही म्हणायला कधी जमलं आहे मला? बैठकीत उकंडराव, पवन, गुलाबराव आणि मी. गोजराबाई चहा घेऊन आली. ओतताना चहा कपाबाहेर गेला आणि गुलाबरावच्या धोतरावर सांडला.

‘डोळ्याले काही झालं का वहिनी?’ गुलाबराव म्हणाला.

‘मोतीबिंदू म्हनतेत भाऊ. डाक्टरनं टाइम देल्ला होता. मंग काय झालं, ते मले कोनी सांगतच नाही.’

पवननं मोबाइलवरून मान वर केली नाही. ‘पप्पा, सर्जरी आफ्टर मॅरेज. आय हॅव नो लीव्ह. शी विल स्टे हिअर अँड मॅनेज. वन ऑर टू इयर्स.’

‘येस येस,’ उकंडराव म्हणाला. ‘डोन्ट टेल देम.’

म्हणजे आईचं ऑपरेशन लग्नानंतर. पोराला रजा नाही. सून इथंच राहील, वर्ष-दोन वर्षं सासूचं करील. आणि ‘देम’ला, म्हणजे समोर बसलेल्या गुलाबरावला, यातलं काही सांगायचं नाही. त्याला मात्र लग्न झालं की पोरगी पुण्याला जाईल, असा शब्द दिलेला होता.

‘काय म्हनते पवन?’ गोजराबाईनं विचारलं.

‘काही नाही. तू पोहे आण.’

गुलाबरावला त्यातलं ‘मॅरेज’ तेवढं कळलं असावं. तो खूश होऊन माझ्याकडे वळला. ‘फाडफाड बोलून राह्यला पोट्टा. आपल्याले त साहेबापुढं नाव सांगाले घाम फुटे.’

‘आता मराठी त्याला सुचतच नाही,’ उकंडराव अभिमानानं म्हणाला.

माझ्यासमोर ते निर्धास्त बोलले, कारण मला इंग्रजी येतं हे गावात कोणाला माहीत नाही. वाचनालयातलं इंग्रजी कपाट मी शब्दकोश घेऊन वाचून काढलं आहे, पण उच्चाराच्या लाजेनं एक शब्द कधी मोठ्यानं बोललो नाही. त्या दिवशीही बोललो नाही. पोहे आले, ते खाल्ले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या रविवारी ठरलं आणि गुलाबराव माझ्या पाठीवर थाप मारून गेला. ‘तुह्या भरवशावर,’ म्हणाला.

संध्याकाळी पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर मी लिहिलं, ‘सदर कुटुंबाच्या वर्तनात काहीशी विसंगती जाणवते.’ वाचलं आणि स्वतःचीच शिसारी आली. बापलेकांनी इंग्रजीच्या आड जे केलं, तेच मी पुस्तकी मराठीच्या आड करत होतो. गोजराबाईही ‘टाइम’ म्हणते, मीही बोलताना दहा ठिकाणचे शब्द घेतो, त्यात कोणाचं काही बिघडत नाही. या दोघांनी त्या बाईला तिच्याच बैठकीत बहिरी करून ठेवली होती. उद्या तिथं निकिता बसणार होती.

कागद फाडला. दुसऱ्यावर जशी तोंडात आली तशी भाषा लिहिली.

‘गुलाब, मी उत्तर देल्लं नाही ते चुकलं. पोट्टीले पुन्याले नेनार नाहीत. सासूच्या डोळ्याचं आपरेशन लग्नासाठी थांबवलं, अन् दोन वर्सं तिचं निकितानं करावं असं तुह्यासमोर इंग्रजीत बोलले. मी सोता आयकलं. मले इंग्रजी समजते. हे पत्र उकंडरावले दाखव, माह्यं नाव सांग.’

खाली पूर्ण नाव लिहिलं. सही वेडीवाकडी आली.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. पेटीत टाकण्याचा धीर झाला नाही. टाकल्यावर मन बदललं तर काडी घालून काढायला बसेन, अशी भीती होती. पोस्टमन आला, त्याच्या हातात पाकीट दिलं.

‘जऊळका,’ मी म्हणालो. ‘रविवारच्या आधी गेलं पाहिजे.’

‘परवा भेटते काका,’ तो म्हणाला, आणि दार उघडून त्यानं शिक्का मारून पाकीट थैलीत टाकलं.