वहिनींनी दिलेलं पाऊण

मी एक कप्पा बोलतोय. लाकडी कपाटातला नव्हे हं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरमधला. प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायला जागा लागते, ती जागा म्हणजे मी. गिऱ्हाइकाचा नंबर माझ्या पोटात राहतो.

मला घडवलं वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचं एकच बोट की-बोर्डवर. मला नाव देताना त्या म्हणाल्या, "हा दशांशाचा हं. डोळे काही पुऱ्या आकड्यांत बिघडत नाहीत." तेव्हापासून सव्वा, दीड, पावणेदोन ही माझ्या घरची माणसं झाली.

मग वहिनींची आई आजारी पडली आणि त्या दूर माहेरी गेल्या. चार दिवसांसाठी म्हणून गेलेल्या, आठ महिने झाले. त्यांच्या खुर्चीवर त्यांचे धाकटे दीर, भावजी, बसू लागले. स्वभावाने गोड, पण घाई पाचवीला पुजलेली.

गेल्या महिन्यात काचा घासायचं नवं यंत्र आलं. त्याच्यासाठी भावजींनी माझ्या शेजारी एक नवा कप्पा केला, तो मात्र पूर्णांकाचा. माझा आकडा त्यात ठेवायला गेले, तर कंपायलर अडून बसला. प्रोग्रॅम चालू होण्याआधी तपासणारा तो. खडूस, पण सच्चा. दशांश आकडा पूर्णांकाच्या जागी बसत नाही, असं त्याने लाल अक्षरांत बजावलं.

"अरे, बस की बाबा!" म्हणत भावजींनी माझ्यापुढे एक शब्द टाकला: याला पूर्णांक समज. लाल अक्षरं गेली. खात्रीसाठी त्यांनी स्वतःचाच नंबर घालून पाहिला. तो नेमका दोन. दोन आत गेले, दोन बाहेर आले. भावजी खूश!

माझे मात्र हाल सुरू झाले. पावणेतीन आले तरी पाऊण गळून पुढे दोनच जायचे. काचेबरोबरच्या चिठ्ठीवरही दोनच छापले जात, आणि तपासणारे काच चिठ्ठीशीच ताडून पाहत. कंपायलर आता गप्प. त्याला तसं लिहूनच दिलं होतं ना! मला वहिनींच्या त्या एका बोटाची फार आठवण यायची.

काल दुपारी त्यांचा फोन आला. भावजींनी स्पीकर लावला.

"भावजी, आईचा चष्मा मिळाला. पण सुईत दोरा ओवता येत नाहीये तिला. माझे डोळे गेले गं, म्हणून सकाळपासून रडतेय. पावणेतीनच घातला होतात ना?"

भावजींनी चिठ्ठी काढली. "दोन छापलंय, वहिनी."

"प्रोग्रॅम उघडा आणि वाचा बघू."

त्यांनी वाचलं. वहिनींच्या लगेच लक्षात आलं.

"अहो, पाहुणा उंच निघाला तर दार मोठं करायचं, की त्याचं डोकं छाटायचं? यंत्राला दशांश चालतात. शेजारचा कप्पा दशांशाचा करा."

भावजींनी तो शब्द पुसला, शेजाऱ्याला माझ्यासारखं केलं. कंपायलर मुकाट्याने बाजूला झाला. पावणेतीन सगळेच्या सगळे पलीकडे पोचले. मग महिन्याभराच्या चिठ्ठ्या समोर घेऊन भावजी एकेका गिऱ्हाइकाला फोन करायला बसले.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही परत कधी येताय?"

"आईला दोरा ओवता आला, की निघते."

वहिनींच्या आईच्या नव्या काचा आज सकाळी पार्सलने गेल्या. माझ्या पोटात अजून तोच आकडा आहे. भावजी, नवा नंबर घालायची घाई नको. ओवू दे त्यांना तो दोरा एकदाचा.