कधी जाणार ते विचारू नये

कुंभकोणमच्या पेठेत व्यंकोजीरावांचं जवळच्या नाचियार्कोविल गावच्या पितळी समयांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला बोलून बोलून गार करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण जिभेला हाड नसतं हेच खरं. दुकानात चालणारी जीभ त्यांनी एकदा घराच्या ओसरीवर पोलीस शिपायापुढे सैल सोडली आणि पोटुशी लेक देशाबाहेर जायची वेळ आणली.

लेक म्हणजे वत्सला, एकुलती एक. ती दिली होती तुकोजीला. तुकोजीचा बाप सुमात्रातल्या मेदान गावी नोकरीला गेला नि तिथेच राहिला. मुलुख डचांचा, तुकोजीचा जन्म तिथला, म्हणून तो डचांची प्रजा. आणि तेव्हाचा कायदा असा, की नवरा ज्या सरकारचा, बायकोही त्याच सरकारची. मंगळसूत्र बांधलं त्या घटकेला आपली पोर कायद्यानं परदेशी झाली, हे लग्नाच्या पंगतीत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मंडळी जिलबीत गुंतली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून वत्सला निघाली. मेदानच्या इंग्रज वकिलातीनं पासपोर्टावर व्हिसाचा शिक्का मारून दिला, वर्षभर चालेल असा. पेनांगहून बोटीनं ती नागपट्टणमला उतरली. व्यंकोजीरावांनी तो शिक्का अख्ख्या गल्लीला दाखवला. "वर्षाची निश्चिंती झाली!" असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

दुसऱ्या महायुद्धाचं दुसरं वर्ष लागलं होतं. परदेशी माणूस कुठे, कोणाकडे, किती दिवस राहणार याची सरकार बारकाईनं चौकशी करत होतं. एक दिवस शिपाई आला, ओसरीवर अदबीनं बसला आणि तमिळमध्ये विचारता झाला, "अम्मा परत कधी जाणार?"

झालं! त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की या घरात बाळंतपणाला आलेल्या लेकीला तो प्रश्न कोणी विचारत नाही. जाण्याचं नाव काढायचं नाही, दिवस तर मुळीच ठरवायचा नाही. रीत सगळ्यांचीच, पण या घरात तिला धार होती. व्यंकोजीरावांची बहीण अंबाबाई अशीच माहेरी आली होती. शेजारणीनं सहज विचारलं, "कधी जाणार गं?" आणि अंबाबाई बाळंतपणात गेली. त्यांच्या आईनं मरेपर्यंत त्या शेजारणीच्या घरचं पाणी घेतलं नाही.

व्यंकोजीरावांच्या अंगाचा भडका उडाला. "कधी जाणार म्हणजे? ती जाणारच नाही! हे तिचं घर आहे. जन्मभर इथेच राहील!"

दाराआड त्यांची बायको सुंदरी समाधानानं मान हलवत होती, दृष्ट काढल्यासारखी. शिपायानं सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं, नमस्कार केला आणि गेला. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

थोड्याच दिवसांत हुकूम आला. बाई भेटीसाठी म्हणून आली, पण कायमची राहण्याचा इरादा दिसतो. सबब राहण्याचा परवाना नाही. येत्या शुक्रवारच्या बोटीनं देश सोडावा.

घराची पाचावर धारण बसली. वत्सलाला आठवा सरत आलेला, ऐप्पसीतला, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस, समुद्र खवळलेला आणि त्यात शत्रूच्या जहाजांची धास्ती. सुईणीनं पोट चाचपून स्पष्ट सांगितलं, "बोटीवर चढवलंत तर मूल पाण्यावर होईल, आणि मग दोघांचंही काही खरं नाही."

दुसऱ्याच दिवशी बापलेक आगगाडीनं तंजावरच्या कचेरीत जायला निघाले. वाटेतलं पापनाशम् येईस्तोवर व्यंकोजीराव भांडणाची तालीम करत होते. पुढे त्यांचा आवाजही बसला. वत्सला पोटाखाली हात धरून गाडीचे हिसके सोसत होती. तिचं तोंड पाहून त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

परदेशी लोकांची नोंद ठेवणारे अधिकारी चंद्रमौली तुटक बोलणारे, पण तऱ्हेवाईक नव्हते. वत्सलाला त्यांनी आधी खुर्ची दिली.

व्यंकोजीरावांनी पासपोर्ट पुढे सारला. "शिक्का पाहा साहेब. वर्षाचा आहे!"

"हा दारापर्यंतचा," चंद्रमौली म्हणाले. "वर्षभरात केव्हाही बंदरावर या, दार ठोठावा, एवढीच याची मुभा. आत किती दिवस राहायचं, ते या कचेरीनं ठरवायचं. तो परवाना वेगळा. आणि तुम्ही तर सांगितलंत, ही जाणारच नाही."

"बाप बोलला साहेब. रागात बोलला."

"मग आता शांतपणे बोला. कधी जाणार?"

व्यंकोजीरावांनी पासपोर्ट पुन्हा जवळ ओढला. "बाळ जरा मोठं झालं, की पाहू..."

"पाहू चालत नाही. दिवस हवा."

"मी सांगते," वत्सला म्हणाली.

"तुम्ही नव्हे. घर त्यांचं, जामीन ते. आधीचा जबाबही त्यांचाच. तो त्यांनीच फिरवायला हवा." चंद्रमौली कागद आवरू लागले. बाहेर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

"अप्पा, बोला," वत्सला घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली.

"मज बोलवत नाही गे पोरी. अंबाक्कास असंच विचारलं होतं..."

"अप्पा, मज त्या घरी तुम्हींच दिलंत ना? माझा नवरा तिथं असे. मी जाणार हें तुम्हांस ठाऊक, मज ठाऊक. तुम्ही न बोललां म्हणून मी राहात नाही. न बोललां तर शुक्रवारीच जातें." तिचा आवाज फाटला. "मज भय वाटतें अप्पा. त्या बोटीचें भय वाटतें."

ती 'येतें' नव्हे, 'जातें' म्हणाली होती. व्यंकोजीरावांच्या काळजात चर्र झालं. ते अधिकाऱ्याकडे वळले आणि तमिळमध्ये बोलले. मराठीत ते शब्द त्यांच्या तोंडून निघालेच नसते. तमिळ दुकानाची, बाहेरच्या जगाची भाषा. तिच्यात माणूस नको तेही बोलून जातो.

"जाईल," ते म्हणाले. "पंगुनी महिन्यातल्या पहिल्या बोटीनं जाईल."

"नाही गेली तर?"

"मी स्वतः नागपट्टणमला नेईन. हाताला धरून बोटीवर बसवीन."

चंद्रमौलींनी ते लिहून घेतलं, व्यंकोजीरावांची सही घेतली आणि पंगुनीपर्यंतचा, पाचेक महिन्यांचा, परवाना वत्सलाच्या हाती दिला. बाहेर येताच ती पायरीवर मटकन बसली आणि रडता रडता हसू लागली. व्यंकोजीरावांना मात्र हसू येईना. आपल्या तोंडून काहीतरी सांडलं आहे आणि ते आता भरून घेता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

घरी सुंदरी उंबऱ्यात उभीच होती. "राहायास मिळालें?"

"मिळालें."

"अस्के दिवस? सगळे? कधीपावेतों..." तिच्या शब्दाचा तिलाच चटका बसला. तोंडावर पदर दाबून ती म्हणाली, "नको, सांगूं नका. मज तो दिवस सांगूंच नका."

त्यांनी सांगितला नाही. तिन्हीसांजेला पानं मांडली. कितीक दिवसांनी वत्सला पोटभर जेवत होती, आईची थट्टा करत होती. घर पुन्हा घरासारखं झालं होतं. सुंदरीनं रसम् वाढायला पळी पुढे केली, तरी व्यंकोजीरावांचं लक्ष नव्हतं. लेक समोर बसली होती आणि ते पंगुनीपर्यंतचे दिवस मोजत होते.