एक दशांश मिलिमीटर

साकीनाक्याच्या गाळ्यात हरेश्वरदादांनी रेसिंग टीम सुरू केली तेव्हा गाडी एकच होती. सहाव्या वर्षी आम्ही राष्ट्रीय विजेते झालो. हंगाम संपला की इंजिन खोलून प्रत्येक भाग मोजायचा, ही दादांची शिस्त. मोजमाप माझ्याकडे असे.

त्या वर्षी इंजिनात हवा किती जाईल ते ठरवणारी कडी मोजली. नियमाप्रमाणे भोक बत्तीस मिलिमीटरचं हवं. ते एक दशांशाने मोठं निघालं.

"दर रेसआधी मीच ती आतून पॉलिश पेपरने चमकवायचो, त्यातच झिजली," मेकॅनिक नितेश म्हणाला. "वाट लागली. पण दादा, तपासणीत कोणाला कळलं नाही ना?"

"नमिताला कळलं ना," दादा म्हणाले. "पुन्हा मोज गं."

तिसऱ्यांदाही आकडा तोच आला. दादांनी हात पुसले आणि आयोजकांना स्वतः फोन लावला.

विजेतेपद गेलं, पाठोपाठ प्रायोजक गेला, आणि मार्चमध्ये गाळा रिकामा झाला.

आमचं विजेतेपद ज्या टीमला मिळालं, तिने नितेशला लगेच बोलावून घेतलं. कडीची चूक स्वतःचीच होती, असं त्याने तिथल्या मालकांना आधीच सांगून टाकलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "हरेश्वरकडे शिकलास ना? मग सोमवारी ये."