भैरूचं पाणी

दिवेलागणीला उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि म्हणायचं, "भैरू, पाणी पी अन् माघारी जा बाबा." कुरुळीच्या आमच्या घरातली ही रीत माझ्या सासूबाईंनी, अंबूबाईंनी, कधी चुकवली नाही. नवी सून होऊन आले तेव्हा मला वाटलं, भैरू म्हणजे कुत्रा असेल. तसं मी विचारलंसुद्धा. तेव्हा वटारलेले त्यांचे डोळे अजून विसरले नाही.

भैरू म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ. ऐन तारुण्यात एका मुकादमाच्या नादानं मुंबईला गेला आणि तिथून जहाजात बसून मिरिचला, म्हणजे मॉरिशसच्या बेटावर, उसाच्या मळ्यांत. काही वर्षांनी चाकणचा एक गडी तिकडून परत आला. त्यानं सांगितलं, भैरू वाटेतच तापानं गेला, पाणी पाणी करत. समुद्रात टाकायला मुडदे काढून ठेवतात, त्या रांगेत त्याला या डोळ्यांनी पाहिलं.

घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून इंद्रायणीकाठी जाळला. भैरूच्या बायकोचा, रुक्मिणीबाईचा, धाकट्या दिराशी पाट लावून दिला. आमचं सगळं घर त्या पाटातून वाढलेलं. देव्हाऱ्यात भैरूच्या नावानं चांदीचा टाक बसवला, पत्र्यावर उमटवलेला एवढासा माणूस. त्यानं समजून घ्यावं आणि मागच्यांना नांदू द्यावं, म्हणून.

त्यानं काही समजून घेतलं नाही. म्हैस आटली, भैरू. मोटेचा नाडा तुटला, भैरू. आमच्या मालकांच्या, दौलतरावांच्या, पोटात कळ आली तरी भैरूच. आदल्या दिवशी हादडलेल्या भज्यांचं कुणी नाव काढायचं नाही.

हसण्यावारी नेत होते तोवर नेलं. मग माझी सून कौसल्या हिची दोन बाळं लागोपाठ, बारशाच्या आतच गेली. सासूबाई म्हणाल्या, "खाऱ्या पाण्यात तहानेला मेला त्यो. त्याला दूधपितं लेकरू बघवत न्हाई. अन् तू रडू नगंस गं. डोळ्याचं पाणी बी खारंच. त्या वासानं त्यो पुन्ना येतो."

पोर रडली नाही. दोन्ही वेळा कोरड्या डोळ्यांनी भाकऱ्या थापत बसली. ते बघण्यापेक्षा तिनं छाती बडवली असती तर बरं, असं मला वाटायचं.

आता तिला पुन्हा सातवा लागला होता. चिंचवडच्या भटजींना मी विचारून आले होते. ते म्हणाले, "गेल्याची तिथी आणा. तिथीला पिंड दिला की सुटेल." भर समुद्रात मेलेल्या माणसाची तिथी मी कुठून आणू? तिथी मिळेना, आणि कौसल्याचे दिवस तर भरत चालले होते.

एकोणीसशे सत्तावन्न साल, पौषातली संध्याकाळ. सासूबाईंनी तांब्या ठेवला, नेहमीचे शब्द म्हटले आणि वळल्या.

अंधारातून आवाज आला, "व्हय, आलो."

कुणीतरी वाकलं. तांब्या उचलला गेला आणि गटागट पाणी प्यायल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. सासूबाई होत्या तिथंच खाली बसल्या. मालक कंदील घेऊन उठले आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. कौसल्यानं दोन्ही हात पोटावर ठेवले.

कंदिलाच्या उजेडात पन्नाशीचा एक माणूस आला. कोट, हातात पेटी, पायांवर पुणे-नाशिक रस्त्याची धूळ. "म्या भैरू," तो म्हणाला. "मिरिचचा. भैरूचा नातू. नाव आज्याचंच ठिवलंया. तुमी हाक दिली, म्हटलं, चिठ्ठी पावली वाटतं."

चिठ्ठीबिठ्ठी काही आली नव्हती. पण त्याची बोली! असं बोलणारी माणसं आमच्या गावात केव्हाच सरणावर गेली होती. तो 'काकी' म्हणाला की सासूबाईंना त्यांच्या सासऱ्यांनीच हाक मारल्यासारखं होई, आणि त्या आपोआप पदर पुढं ओढत.

रात्री जेवणं झाली. माझ्या डोक्यात मात्र एकच: नातू आहे, म्हणजे भैरू जहाजात मेलाच नाही. मग गेला तरी कधी?

सकाळी त्यानं पेटी उघडली. साखरेच्या कारखान्यात तो फिटर होता. सुट्ट्या साठवून, तिथल्या कचेरीतून आज्याचे कागद काढून, जहाजानं मुंबईला उतरला होता. कागदावर जहाजाचं साहेबी नाव, भैरूच्या बापाचं नाव, कुरुळी, तालुका खेड. सोबत तिथं उतरल्यावर काढलेला एक फोटो. काटकुळा तरुण, भेदरलेला, गळ्यात नंबराची पाटी.

"उजव्या भुवईवर वण," त्यानं वाचून दाखवलं.

"जात्याच्या खुट्याचा," सासूबाई फोटोकडे न बघताच म्हणाल्या. "सासूबाई सांगायच्या. न्हानपणी आपटला व्हता."

रुक्मिणीबाईंनी ही गोष्ट त्यांना कधी सांगितली असेल, दळताना की मरताना, कोण जाणे. पाट लावून दुसऱ्याचा संसार केलेल्या बाईनं पहिल्याच्या भुवईवरचा वण जपून ठेवला होता.

"जहाजावर मेला म्हनून काढून ठिवला व्हता, ते खरं," चाकणच्या गड्याची गोष्ट ऐकून पाहुणा सांगू लागला. "आज्या सांगायचा, डोळं उघडलं तवा दोन्ही बाजूला गार पडलेली मान्सं. वर पांढरं आभाळ. पलीकडचा उचलून टाकला, त्याचा आवाज आला, धप्. मंग याचं पाय धरलं. तवा ह्यो म्हनला, पाणी. खलाशी पाय सोडून पळाला."

"मंग?" मालकांनी विचारलं.

"मंग कुनीतरी पाणी पाजलं. जहाजाच्या यादीत याच्या नावावर काट मारली व्हती, ती तशीच ऱ्हायली. आज्या म्हनायचा, कागदावर म्या समुद्रात हाय, अन् रानात म्या ऊस तोडतोया. चांगला म्हातारा होऊन गेला. माझ्या बापाच्या लगनात नाचला."

मी घाईनं विचारलं, "भावजी, तिथी? गेले ती तिथी?"

"आषाढ वद्य पंचमी. आमी दरसाल पान वाढतो."

तिथी मिळाली! मी कौसल्याकडं बघितलं. पण सासूबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"पुतळा जाळला तवा त्यो जित्ता व्हता?" त्या म्हणाल्या. "टाक बसवला तवा बी? माझ्या सासूबाईंचं पयलं लेकरू गेलं, तवा बी?"

"व्हय काकी. तवा त्यो तिकडं भाकर खात असंल."

"अन् वरसाला तुमी पान वाढता. म्हंजे उपाशी न्हाई, तहानेला न्हाई." त्यांचा आवाज खाली गेला. "मंग माझ्या दारात पाणी कोन पीत व्हतं?"

मी देव्हाऱ्यातल्या टाकाकडं बघितलं.

पाहुण्यानं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक, झिजून गुळगुळीत. त्यावर बाईची आकृती. "माझ्या आजीच्या गळ्यात व्हता. दुष्काळात तिकडं आलेल्या एकानं आज्याला सांगितलं, कुरुळीत तुमच्या घरात कुनी उरलं न्हाई. मंग त्यानं दुसरं लगीन केलं अन् पयलीच्या नावाचा टाक आजीच्या गळ्यात घातला. आजी लई भ्यायची. पोरगं आजारी पडलं की म्हनायची, रुक्मिणी आली."

रुक्मिणी! जी इथं शेणी थापत होती, दळत होती, सासूबाईंना वण सांगत होती. समुद्राच्या दोन्ही तीरांना दोन जिती माणसं एकमेकांची भुतं होऊन बसली होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. तो भुताचा नव्हता. भूत नसल्याचा होता.

तेवढ्यात कौसल्या बोलली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द.

"म्हंजे माझी लेकरं कुनी न्हेली न्हाईत?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"कुनीच न्हाई न्हेली. नुसतीच गेली." तिनं माझ्याकडं पाहिलं. "आत्याबाई, मंग मला रडू का दिलं न्हाई?"

मी नुसती तिच्याशेजारी जाऊन बसले. आणि पोर रडायला लागली. आधी आवाज न करता, मग गुरासारखा हंबरडा फोडून. मधेच दोन नावं घेतली. बारसं झालंच नव्हतं. मनातल्या मनात तिनं ठेवली होती. मालक आणि पाहुणा उठून गोठ्याकडं गेले. दिवस कलेपर्यंत ती रडत होती, आणि मी तिची पाठ चोळत होते, बाळंतिणीची चोळावी तशी.

संध्याकाळी सासूबाई सवयीनं तांब्या भरून उंबऱ्याशी आल्या. "भै..." म्हणाल्या आणि थांबल्या. अंगणात बाजेवर बसलेला पाहुणा त्यांच्याकडं बघत होता. त्या तशाच उभ्या. आता कुणाचं नाव घ्यायचं, ते त्यांना सुचेना. तांब्यातलं पाणी पायावर सांडत होतं. इतकी वर्षं ज्याला भ्याल्या तो नाही म्हटल्यावर, बाईला आधारच उरला नव्हता.

कौसल्या भिंतीला धरून उठली. डोळे सुजलेले, घसा बसलेला. हात पुढं केला. "द्या हिकडं."

आणि तांब्या घेऊन ती ते पाणी पिऊ लागली. त्या पाण्याला घरातल्या कुणी कधी ओठ लावला नव्हता. सासूबाईंचा हात तांब्या हिसकायला वर गेला, तिच्या पोटाजवळ आला आणि खांद्यावर टेकला.

"बसून पी गं," त्या म्हणाल्या. "उभ्यानं पिऊ ने, अशा दिसांत."

ती उंबऱ्यावर बसली आणि सगळं पाणी प्याली. बाहेर फाटकाची कडी वाजली. तशी ती रोजच वाजते. त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्यातलं कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.